विषाणू आटोक्यात, तरी धाप का लागते?

रक्तदाब म्हटला की दंडाला बांधलेला पट्टा आणि १२०/८० हा आकडा आठवतो. शरीरात आणखी एक रक्तदाब असतो. तो दंडावर मोजता येत नाही, आरोग्य तपासणीच्या 'पॅकेज'मध्ये त्याचा उल्लेख नसतो, आणि तो वाढला तरी बराच काळ कुणालाच कळत नाही. हा दाब हृदयाच्या उजव्या बाजूकडून फुप्फुसांकडे जाणाऱ्या रोहिणीतला. निरोगी माणसात तो सरासरी १४ च्या आसपास असतो आणि हृदय आकुंचन पावते त्या क्षणीही २५ च्या फारसा वर जात नाही.

तो एवढा कमी का, हे समजले की पुढचे सारे समजायला सोपे जाते. हृदयाच्या डाव्या जवनिकेला डोक्यापासून पायाच्या अंगठ्यापर्यंत रक्त ढकलायचे असते. उजव्या जवनिकेला मात्र शेजारच्या फुप्फुसांतच रक्त पाठवायचे असते. म्हणून डावीची भिंत जाड, तर उजवीची जेमतेम तीन ते पाच मिलिमीटरची. पण रक्ताचे प्रमाण दोन्हीकडे सारखेच, विश्रांतीतही मिनिटाला सुमारे पाच लिटर. एवढे रक्त इतक्या कमी दाबाने पुढे सरकते, कारण फुप्फुसांतल्या रक्तवाहिन्या पातळ, लवचीक आणि संख्येने प्रचंड असतात. आपण जिना चढू लागलो की एरवी मिटलेल्या वाहिन्याही उघडतात. रक्त दुप्पट-तिप्पट झाले तरी दाब फारसा चढत नाही.

या वाहिन्यांच्या भिंती जाड होऊ लागल्या, आतली वाट अरुंद झाली, तर ही सोय संपते. उजव्या जवनिकेला मग तिला न झेपणारे काम करावे लागते. ती आधी जाड होते, नंतर ताणली जाते, आणि शेवटी थकते. फुप्फुस-रोहिणीतला हा सरासरी दाब २० च्या वर गेला, आणि त्याचे मूळ फुप्फुसांतल्या बारीक रोहिण्यांच्या आजारातच असले, की त्याला 'पल्मनरी आर्टेरियल हायपरटेन्शन' म्हणतात. पूर्वी ही मर्यादा २५ होती. २०१८ च्या जागतिक परिसंवादात ती खाली आणण्याचे ठरले. आजार मुळात दुर्मीळ आहे. फ्रान्सच्या राष्ट्रीय नोंदणीत दहा लाख प्रौढांमागे साधारण १५ रुग्ण आढळले होते.

एचआयव्ही झालेल्यांमध्ये मात्र हे गणित पार बदलते.

दोनशेत एक

एड्सचे पहिले रुग्ण अमेरिकेत १९८१ मध्ये नोंदवले गेले आणि १९८३ मध्ये पॅरिसच्या पाश्चर इन्स्टिट्यूटमध्ये विषाणू सापडला. त्या काळात या रुग्णांच्या फुप्फुसांकडे पाहताना डॉक्टरांच्या मनात एकच गोष्ट असे, ती म्हणजे संसर्ग. न्यूमोसिस्टिसचा न्यूमोनिया, क्षय, बुरशी. रक्तवाहिन्यांकडे पाहायला कुणाला फुरसत नव्हती. १९८७ मध्ये किम आणि फॅक्टर या अमेरिकेतल्या दोन डॉक्टरांनी एड्सच्या एका रुग्णाच्या फुप्फुसांत रोहिण्यांच्या भिंतींचा विचित्र गुंता झाल्याचे नोंदवले. वाहिनीच्या पोकळीत नवनव्या बारीक वाटांचे जाळे उगवलेले आणि मुख्य वाट बुजलेली. अनुवंशिक पल्मनरी हायपरटेन्शनमध्ये सूक्ष्मदर्शकाखाली दिसते तसेच ते दिसत होते. पुढच्या काही वर्षांत अशा नोंदी वाढत गेल्या.

स्वित्झर्लंडमधल्या डॉक्टरांनी १९९१ मध्ये प्रमाण मोजले, ते सुमारे अर्धा टक्का भरले. म्हणजे एचआयव्हीसह जगणाऱ्या दर दोनशे माणसांत एक. १९९६ नंतर औषधांचा संयुक्त उपचार आला, विषाणू दाबला जाऊ लागला, माणसे वर्षानुवर्षे जगू लागली. मग फ्रान्समध्ये ७,६४८ एचआयव्हीबाधितांची पाहणी झाली. तिचे निष्कर्ष २००८ मध्ये प्रसिद्ध झाले आणि प्रमाण निघाले ०.४६ टक्के. जवळजवळ तेवढेच. क्षय, न्यूमोनिया यांसारखे संधिसाधू संसर्ग उपचारांमुळे झपाट्याने ओसरले होते, पण हा आजार होता तिथेच राहिला. सर्वसाधारण लोकसंख्येशी तुलना केली तर हे प्रमाण सुमारे तीनशे पट आहे.

आणखी एक गोष्ट डॉक्टरांना बुचकळ्यात टाकणारी होती. सीडी-४ पेशींची संख्या किती खाली गेली आहे यावर हा आजार ठरत नाही. प्रतिकारशक्ती चांगली असलेल्यालाही तो होतो. म्हणजे 'अजून सीडी-४ चांगले आहेत, धाप लागण्याचे कारण एचआयव्ही नसणार' हा तर्क इथे चालत नाही.

बरे, विषाणू या वाहिन्यांच्या भिंतींत शिरून त्या बिघडवतो म्हणावे, तर तसेही नाही. बिघडलेल्या भिंतींत खुद्द विषाणू शोधायचे प्रयत्न झाले, आणि तो तिथे सापडला नाही. गुन्हा घडलेल्या जागी आरोपी नाही, पण त्याचे सामान मात्र सापडते. विषाणूने बाधलेल्या पांढऱ्या पेशी 'टॅट', 'जीपी-१२०', 'नेफ' अशी विषाणूची प्रथिने बाहेर टाकत असतात. ती रक्तातून फिरतात, शेजारच्या निरोगी पेशींना चिकटतात, टॅट तर सरळ आत शिरते. जीपी-१२० मुळे फुप्फुसांच्या रक्तवाहिन्यांच्या आतल्या अस्तरपेशी मरतात आणि एंडोथेलिन हे वाहिन्या आवळणारे द्रव्य जास्त स्रवते, हे प्रयोगशाळेत दिसले आहे. नेफ या प्रथिनाबद्दलचा पुरावा अधिक बोलका. माणसाच्या एचआयव्हीतले नेफ जनुक घातलेला विषाणू माकडांना दिला, तेव्हा त्यांच्या फुप्फुसांत माणसांत दिसतो तसाच गुंता तयार झाला. माणसाच्या एचआयव्हीतले नेफ नसलेल्या नेहमीच्या माकड-विषाणूने तो झाला नाही. उपचारांमुळे रक्तातला विषाणू 'सापडत नाही' अशा पातळीला आलेल्या रुग्णांच्या फुप्फुसांतही नेफ शिल्लक असते, असेही नंतर आढळले. औषधे विषाणूची नवी प्रजा थांबवतात. आधीच बाधित होऊन दडून बसलेल्या पेशींना प्रथिने तयार करण्यापासून ती पूर्णपणे रोखू शकत नाहीत.

एवढे सगळे मान्य केले तरी एक प्रश्न उरतो. ही प्रथिने जवळजवळ प्रत्येक बाधिताच्या रक्तात असतात, मग दोनशेतल्या एकालाच हा आजार का? उरलेल्या १९९ जणांचे काय? इथे शंका अशी येते की विषाणू एकटा पुरत नाही, सोबत दुसरा घाव लागतो. तो काहींच्या बाबतीत जन्मतः आलेला एखादा जनुकीय दोष असेल. काहींच्या बाबतीत तो नाकातून, चिलमीतून किंवा सुईतून येतो.

भूक मारणाऱ्या गोळीचा धडा

औषधाने किंवा अमली पदार्थाने फुप्फुसांतला दाब वाढतो हे वैद्यकशास्त्राला एचआयव्हीच्या आधीपासून ठाऊक आहे. १९६५ मध्ये स्वित्झर्लंड, ऑस्ट्रिया आणि जर्मनीत 'ॲमिनोरेक्स' ही भूक कमी करणारी गोळी बाजारात आली. वजन कमी करायला लोकांनी ती भरपूर घेतली. दोन-तीन वर्षांत तिथल्या रुग्णालयांत एक विलक्षण गोष्ट दिसू लागली. जो आजार डॉक्टरांना वर्षाकाठी एखाद-दुसऱ्या रुग्णात दिसे, त्याची रांग लागली. १९६८ मध्ये गोळी मागे घेतली गेली, त्यानंतर रुग्णही कमी होत गेले. गोळी घेणाऱ्यांपैकी अगदी थोड्या टक्क्यांनाच आजार झाला होता, बाकीचे ठणठणीत राहिले. फेनफ्लुरामिन या वजन घटवण्याच्या दुसऱ्या औषधाबाबत हीच कथा पुढे घडली आणि १९९७ मध्ये अमेरिकेत तेही बंद झाले.

या दोन्ही औषधांत सेरोटोनिन हा समान धागा होता. मेंदूतला संदेशवाहक म्हणून सेरोटोनिन आपल्याला माहीत आहे, पण फुप्फुसांच्या रोहिण्यांच्या भिंतीतल्या स्नायुपेशींना ते 'वाढा' असा आदेशही देते. कोकेन नेमके इथेच घुसते. चेतापेशींनी सोडलेली नॉरॲड्रेनलिन, डोपामिन आणि सेरोटोनिन ही तिन्ही द्रव्ये एरवी परत आत ओढून घेतली जातात. कोकेन हे परतीचे दार बंद करते. नशा येते ती डोपामिनमुळे. रक्तवाहिन्या आवळल्या जातात त्या नॉरॲड्रेनलिनमुळे. १८८४ मध्ये व्हिएन्नात कार्ल कोलर यांनी डोळ्याच्या शस्त्रक्रियेत भूल देण्यासाठी कोकेनचे थेंब वापरले, आणि पुढे नाकाच्या शस्त्रक्रियांतही ते आले, कारण बधिरतेबरोबरच ते रक्तस्रावही कमी करत असे. वाहिन्या आवळण्याचा तोच गुण इथे अंगावर येतो.

कोकेन कसेही घेतले तरी फुप्फुसांना पहिला मार बसतो. सुईने शिरेत टोचले, की ते उजव्या हृदयातून सरळ फुप्फुसांत. नाकातून ओढले तरी नाकाच्या शिरांतून तोच रस्ता. आणि 'क्रॅक' म्हणजे कोकेनचे ओढण्याजोगे खडे. १९८० च्या दशकात अमेरिकेच्या मोठ्या शहरांतल्या गरीब वस्त्यांत हे खडे पसरले. त्याचा धूर तर थेट फुप्फुसांतच जातो. बाकीच्या अवयवांना जे पोचते ते फुप्फुसांतून गाळून.

बाजारातले कोकेन शुद्ध नसते, ही वेगळीच भानगड. त्यात बऱ्याचदा 'लेव्हॅमिसोल' हे जंतांवरचे औषध मिसळलेले असते. घोड्यांना लेव्हॅमिसोल दिले तर त्यांच्या शरीरात त्यापासून ॲमिनोरेक्स तयार होते. शर्यतीच्या घोड्यांच्या लघवीत ॲमिनोरेक्स सापडू लागले तेव्हा हा उलगडा झाला. कोकेन घेणाऱ्या माणसांच्या लघवीतही पुढे ते सापडले. १९६८ मध्ये मागे घेतलेली ती गोळी अशी मागच्या दाराने आली! जे व्यसनी गोळ्या कुटून, पाण्यात कालवून टोचतात त्यांच्यासाठी तिसरा धोका आहे. गोळीतल्या टाल्कचे कण बारीक रोहिण्यांत अडकतात आणि भोवती गाठी धरतात.

तरीही कोकेन एकटे पुरेसे आहे का, याचे उत्तर 'हो' असे ठामपणे देता येत नाही. १९८९ मध्ये कोकेनमुळे मरण पावलेल्यांची फुप्फुसे तपासली तेव्हा काहींच्या रोहिण्यांच्या भिंती जाड झालेल्या दिसल्या, आणि त्यांत बाहेरचे कण अडकलेले नव्हते. उलट लॉस एंजेलिसच्या डॉक्टरांनी नेहमी क्रॅक ओढणाऱ्यांना प्रयोगासाठी शिरेतून कोकेन देऊन फुप्फुसांतला दाब मोजला, तेव्हा त्या घटकेला तो वाढला नाही. म्हणूनच आंतरराष्ट्रीय यादीत ॲमिनोरेक्स, फेनफ्लुरामिन आणि मेथॲम्फेटामिन हे 'निश्चित' कारण म्हणून आहेत, कोकेन मात्र अजून 'शक्य' या रकान्यात. हा फरक बारकाईने वाचायला हवा. कोकेन निर्दोष आहे असा त्याचा अर्थ होत नाही. एका झटक्यात दाब चढवणे आणि वर्षानुवर्षे भिंत हळूहळू जाड करत नेणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

दोघे एकत्र आले की

अमेरिकेतल्या कॅन्सस विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्रात नवनीत ढिल्लों यांच्या गटाने हाच प्रश्न हाती घेतला. मरणोत्तर जपून ठेवलेल्या फुप्फुसांचे त्यांनी गट पाडले. फक्त एचआयव्ही असलेले, फक्त सुईने नशा करणारे, आणि दोन्ही असलेले. दोन्ही असलेल्यांच्या रोहिण्यांच्या भिंती सर्वांत जाड निघाल्या. हे काम २०११ मध्ये प्रसिद्ध झाले. पण मेलेल्या माणसाने आयुष्यात कधी, काय आणि किती घेतले याचा हिशेब कोण देणार? म्हणून मग पेशींकडे आणि प्राण्यांकडे वळावे लागले.

पेशींत जे दिसले ते असे. रोहिणीच्या आत अस्तरपेशींचा एक पातळ थर असतो. फरशीच्या सांध्यांत सिमेंट भरावे तसे या पेशींचे सांधे घट्ट बंद असतात. टॅट आणि कोकेन दोन्ही दिले तर हे सांधे उसवतात. पेशींत ऑक्सिजनचे दाहक रेणू वाढतात आणि त्यांच्यामुळे 'पीडीजीएफ' या वाढीच्या द्रव्याचे उत्पादन वाढते. हे द्रव्य खालच्या स्नायुपेशींवर पडते. त्या फुगतात, संख्येने वाढतात, आपली जागा सोडून आतल्या बाजूला सरकतात. एवढ्यावर थांबत नाही. टॅट आणि कोकेन मिळून स्नायुपेशींवरचा पीडीजीएफचा स्वीच पीडीजीएफ नसतानाही चालू करतात, असे या गटाने २०१५ मध्ये दाखवले. किल्लीशिवाय गाडी सुरू व्हावी तसे.

वाढ थांबवणारा ब्रेकही निकामी होतो. 'बीएमपीआर-२' हे प्रथिन रोहिणीच्या भिंतीला 'आता पुरे' असे सांगत असते. त्याच्या जनुकातल्या दोषामुळे अनुवंशिक पल्मनरी हायपरटेन्शन होते, हे २००० साली कळले. एचआयव्ही आणि कोकेन या जोडीने जनुक शाबूत असतानाही बीएमपीआर कमी पडते. म्हणजे जो दोष काही कुटुंबांत पिढ्यान् पिढ्या जन्मतः येतो, तोच इथे माणसाच्या हयातीत तयार होतो. सूक्ष्मदर्शकाखालचे चित्र दोन्हीकडे सारखे का, याचे उत्तर बहुधा इथे आहे.

अस्तरपेशींचे वागणेही चमत्कारिक. सुरुवातीला त्या मोठ्या संख्येने मरतात. पण जगून उरतात त्या मरायलाच तयार नसतात, आणि बेसुमार वाढत सुटतात. वाहिनीची पोकळी बुजवणारा तो गुंता अशा चिवट पेशींचा असतो. कर्करोगाशी याचे साम्य पाहूनच काही संशोधक या आजाराकडे रक्तवाहिन्यांची गाठ म्हणून पाहू लागले.

प्राण्यांचा पुरावा याच दिशेने जातो. एचआयव्हीची जनुके शरीरात घातलेल्या उंदरांना काही आठवडे कोकेन दिले, तर त्यांच्या फुप्फुस-रोहिण्यांच्या भिंती जाड झाल्या आणि उजव्या हृदयातला दाब वाढला. नुसती जनुके किंवा नुसते कोकेन यांच्यापेक्षा परिणाम मोठा होता. माकडांत याच गटाने कोकेनऐवजी मॉर्फिन वापरले आणि तिथेही विषाणू व नशा यांची बेरीज वाईट ठरली. त्यामुळे दोष एकट्या कोकेनच्या माथी मारता येणार नाही. अफूच्या वर्गातली नशाही विषाणूच्या साथीने रोहिण्यांना ओरबाडते, असे हे काम सांगते.

कोकेन आणखी एका आडवाटेने घाव घालते. मायामीतल्या मारियाना बाउम यांच्या गटाने २००९ मध्ये दाखवले, की क्रॅक ओढणाऱ्या एचआयव्हीबाधितांच्या सीडी-४ पेशी २०० च्या खाली जाण्याची शक्यता न ओढणाऱ्यांच्या दुपटीच्या घरात होती. गोळ्या चुकतात हे एक कारण उघडच आहे, पण उपचाराचा हिशेब धरूनही फरक उरला. विषाणू जितका मोकाट, तितकी टॅट आणि नेफ जास्त, आणि तितका रोहिण्यांना त्रास.

माणसांमध्ये सगळे धागे वेगळे करणे मात्र महाकठीण. सुईने नशा करणाऱ्याला एचआयव्हीबरोबर हेपटायटिस-सी असतो. त्याने यकृत खराब झाले, की यकृताच्या शिरांतला दाब वाढून फुप्फुसांतही दाब वाढतो. तो सिगारेट ओढतो, त्यामुळे फुप्फुसांचा स्वतंत्र आजार असतो. पायाच्या शिरांत टोचून टोचून गुठळ्या होतात आणि त्या फुप्फुसांत जाऊन अडकतात. रुग्ण एक, कारणे पाच. डॉक्टरला प्रत्येक कारण तपासून बाजूला काढावे लागते, कारण उपचार कारणागणिक बदलतात. गुठळ्यांमुळे वाढलेला दाब तर काहींच्या बाबतीत शस्त्रक्रियेने पुरता बरा होऊ शकतो. तो सुटला तर हातची संधी गेली.

इथल्या ओपीडीत

आता आपल्याकडचे पाहू. भारतात कोकेनचे प्रमाण अमेरिकेच्या तुलनेत अगदी कमी आहे. २०१९ मध्ये जाहीर झालेल्या राष्ट्रीय पाहणीत १० ते ७५ वयोगटात ते ०.१० टक्के होते, ॲम्फेटामिनसारख्या उत्तेजकांचे ०.१८ टक्के, आणि अफूवर्गाचे मात्र २ टक्क्यांच्या वर. मुंबईच्या विमानतळावर पोटात कोकेनच्या कॅप्सूल गिळून आलेले प्रवासी पकडले जातात, मुंबई आणि गोव्यातल्या पार्ट्यांत ते मिळते, पण ते महाग आहे. एचआयव्ही मात्र महाग नाही. देशातल्या सुमारे २५ लाख बाधितांपैकी सर्वाधिक, चार लाखांच्या जवळपास, एकट्या महाराष्ट्रात आहेत. दोनशेत एक हे फ्रान्सचे प्रमाण इथे तंतोतंत लागू होईल असे नाही, पण ते निम्मे धरले तरी संख्या हजाराच्या घरात जाते. त्यातल्या किती जणांचे निदान होते, हा प्रश्न कुठल्याही एआरटी केंद्रात विचारून पाहावा.

निदान न होण्याचे कारण साधे आहे. एचआयव्हीबाधिताला धाप लागली की आपल्याकडे पहिला संशय क्षयाचा, आणि तो योग्यच आहे. थुंकीची तपासणी होते, एक्स-रे निघतो. क्षय नाही म्हटल्यावर दमा, मग रक्त कमी, मग 'अशक्तपणा'. स्त्री असेल तर 'काळजी फार करता' हेही ऐकावे लागते. फुप्फुस-रोहिणीच्या आजारात सुरुवातीला छातीला नळी लावली तर फुप्फुसे स्वच्छ ऐकू येतात, बोटाला लावलेल्या यंत्रात ऑक्सिजनही ठीक दिसतो. तक्रार एवढीच असते, की पूर्वी एका दमात चढायचा तो दादर आता दोनदा थांबून चढावा लागतो. पुढे जिना चढताना भोवळ येते, छातीत दुखते, पायांवर सूज येते, पोट फुगते. चालता चालता शुद्ध हरपली तर आजार बराच पुढे गेला आहे असे समजावे.

पहिली उपयोगी तपासणी म्हणजे 'टू-डी इको'. ती जिल्हा पातळीवर आता बहुतेक ठिकाणी होते. अडचण तपासणीची नाही, ती सुचण्याची आहे. इकोत उजवी जवनिका फुगलेली दिसते आणि फुप्फुस-रोहिणीतल्या दाबाचा अंदाज येतो. पण तो अंदाजच. पक्के निदान करायला मांडीच्या किंवा मानेच्या शिरेतून बारीक नळी हृदयाच्या उजव्या बाजूत आणि पुढे रोहिणीत सरकवून दाब प्रत्यक्ष मोजावा लागतो. नुसत्या इकोवरून महागडी औषधे सुरू करणे बरोबर नाही. डाव्या हृदयाच्या दोषानेही इकोत दाब वाढलेला दिसतो, आणि अशा रुग्णाला रोहिण्या सैल करणारे औषध दिले तर फुप्फुसांत पाणी भरू शकते.

रुग्णाने नशेबद्दल खरे सांगणे हा सगळ्यात नाजूक भाग. एचआयव्ही आधीच झाकून ठेवलेला, त्यात हे. पोलिसांच्या भीतीने ते सांगितले जात नाही. अमली पदार्थविरोधी कायद्यातल्या ६४-अ या कलमानुसार, स्वतःहून मान्यताप्राप्त केंद्रात उपचार घेणाऱ्या व्यसनी व्यक्तीला, थोड्या प्रमाणातल्या पदार्थाच्या किंवा सेवनाच्या गुन्ह्यात खटल्यापासून संरक्षण मिळते. ते फार थोड्यांना माहीत असते. डॉक्टरांनाही. २०१७ चा एचआयव्ही-एड्स कायदा रुग्णाची माहिती गुप्त ठेवण्याचे बंधन घालतो. व्यसनमुक्तीसाठी १४४४६ आणि एचआयव्हीसाठी १०९७ हे सरकारी मोफत दूरध्वनी क्रमांक आहेत.

गोळ्यांचे भांडण

हा आजार समूळ बरा करणारे औषध नाही, पण हताश व्हावे अशीही आता स्थिती राहिलेली नाही. उपचारांच्या आधीच्या काळात निदानानंतर बरेच रुग्ण एक-दोन वर्षांतच जात. फ्रान्समधल्या २०१० च्या अहवालात तीन वर्षांनी ७२ टक्के रुग्ण हयात होते. एचआयव्हीची औषधे सीडी-४ कितीही असोत, सुरू करायचीच. भारतात २०१७ पासून तेच धोरण आहे. त्यांच्या जोडीला रोहिण्या सैल करणारी औषधे लागतात, म्हणजे सिल्डेनाफिल, टाडालाफिल, बोसेंटन, ॲम्ब्रिसेंटन. यांपैकी सिल्डेनाफिल आपल्याकडे स्वस्तात मिळते. त्याचे नाव काढले की रुग्णाच्या चेहऱ्यावर संकोच किंवा हसू येते, कारण ते वेगळ्याच कामासाठी प्रसिद्ध आहे. इथे ते दिवसातून तीनदा घ्यायचे असते आणि त्याचे काम फुप्फुसांत असते, हे समजावून सांगावे लागते. नाहीतर गोळ्या कपाटात राहतात.

इथे एक खरा धोका आहे. एचआयव्हीच्या दुसऱ्या फळीच्या उपचारांत ॲटाझानाव्हिर किंवा लोपिनाव्हिरबरोबर 'रिटोनाव्हिर' असते. सिल्डेनाफिल मोडून काढणारे यकृतातले विकर रिटोनाव्हिर बंद पाडते, आणि रक्तातले सिल्डेनाफिल दहा-अकरा पट वाढू शकते. रक्तदाब एकदम कोसळून रुग्ण जमिनीवर. म्हणून या आजारासाठी ही दोन औषधे एकत्र द्यायची नाहीत. टाडालाफिल किंवा बोसेंटन देता येते, पण मात्रा बदलून आणि लक्ष ठेवून. डोल्युटेग्राव्हिर असलेल्या पहिल्या फळीच्या उपचारात ही अडचण येत नाही. एआरटी केंद्रातली वही एका डॉक्टरकडे आणि हृदयरोगतज्ज्ञाची चिठ्ठी दुसरीकडे असेल, तर हे भांडण कुणाच्याच लक्षात येत नाही. एचआयव्ही सांगायला लाज वाटते म्हणून रुग्ण दुसऱ्या डॉक्टरला गोळ्या दाखवत नाही, अशी वेळही येते.

नेहमीच्या रक्तदाबावरची ॲम्लोडिपिनसारखी औषधे इथे जवळजवळ निरुपयोगी. अनुवंशिक किंवा अज्ञात कारणाने झालेल्या आजारात थोड्या रुग्णांना त्यांचा फायदा होतो, एचआयव्हीत तो क्वचितच दिसतो. आणि कोकेन थांबवणे हा उपचाराचा भाग आहे, उपदेशाचा नव्हे. कोकेनची सवय सोडवणारी मान्यताप्राप्त गोळी नाही. समुपदेशन आणि वर्तनोपचार यांवरच भर द्यावा लागतो, आणि त्यासाठी ओपीडीतली पाच मिनिटे पुरत नाहीत.

रोहिण्या सैल करणारी ही औषधे आवळलेली वाहिनी मोकळी करतात. जाड झालेली भिंत फारशी पातळ करत नाहीत. म्हणून पीडीजीएफचा स्वीच बंद करणारे 'इमॅटिनिब' हे रक्ताच्या कर्करोगावरचे औषध या आजारात वापरून पाहिले गेले. दाब उतरला, रुग्ण जास्त चालू लागले, पण डोक्यात रक्तस्राव होण्याचे प्रमाण पाहून ती वाट सोडावी लागली. मार्च २०२४ मध्ये अमेरिकेत 'सोटाटरसेप्ट' हे इंजेक्शन मंजूर झाले. बीएमपीआर-२ चा बिघडलेला तोल ते दुसऱ्या बाजूने सावरते. टॅट आणि कोकेन मिळून जे पारडे वर उचलतात, तेच खाली आणायचा हा प्रयत्न. या औषधाच्या मुख्य चाचणीत अनुवंशिक आजाराचे रुग्ण होते, औषधे आणि अमली पदार्थांमुळे झालेल्या आजाराचेही होते. एचआयव्हीमुळे हा आजार झालेल्यांना मात्र त्या चाचणीत प्रवेश नव्हता.